पोळ्याला टाके घातले तर डिसेंबरात स्वेटर

नागपूरची थंडी पहाटेची आणि रात्रीची. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तरी अशा दिवसांतही सकाळी अकरानंतर ऊन चांगलं तापतं आणि शाळेतली पोट्टी स्वेटर काढून कमरेला बांधतात. उंच गळ्याच्या, पूर्ण बाह्यांच्या जाड स्वेटरला इथे वर्षातून जेमतेम दोन आठवडे काम असतं. घरच्या मुलासाठी विणायचा तर बिनबाह्यांचा, व्ही गळ्याचा विणावा. सकाळच्या बससाठी तो पुरतो, दुपारी दप्तरात मावतो आणि दोन बाह्यांची मेहनत वाचते.

सहा वर्षांच्या मुलाचा असा स्वेटर म्हणजे हातातलं काम सुमारे वीस तासांचं. घर, शाळा, डबे, पाहुणे यांच्यात सलग वीस तास कुणालाच मिळत नाहीत. मिळतात ती दहा-दहा मिनिटं, तीही मध्येच तुटणारी. म्हणून लोकर, सुया, वीण या सगळ्यांची निवड करताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: हे मध्येच खाली ठेवलं तर काय होईल? स्वेटर अर्धवट राहतात ते बहुतेक वेळा याच कारणाने. विणणारीला वेळ नसतो हे खरं, पण तिने निवडलेली वीण मुळात सलग बसून करायची असते हे जास्त खरं.

वेळापत्रक सणांवर बसवलेलं बरं. तान्हा पोळा झाला की टाके घालायचे. गणपतीत काम कमी होतं, पण स्वेटरची साधी पाठ पुढे सरकते. नवरात्रात पाठ संपलेली हवी. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे सरळ सोडून द्यायचे. चकलीच्या भाजणीच्या हातांनी सुया धरू नयेत. तुळशीच्या लग्नापर्यंत पुढचा भाग आणि मग गळा-मुंढ्यांच्या पट्ट्या. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चे निघाले की स्कूल बस हमखास उशिरा येते, त्या उभ्या वेळात पट्टीच्या एक-दोन फेऱ्या होतात.

लोकर पोळ्याच्या आधीच घ्यावी. इतवारीत आणि बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) लोकरीचे गुंडे मिळतात, पण नोव्हेंबरात गेलात तर नेव्ही ब्लू, मरून असे शाळेचे रंग संपलेले असतात आणि हव्या त्या लॉटचे, म्हणजे एकदम रंगवलेल्या एकाच खेपेचे, चार गुंडे एकत्र मिळत नाहीत. गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाचा नंबर असतो आणि शेजारी डाय लॉटचा. रंगाचा नंबर तोच पण लॉट वेगळा असेल तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक दिसत नाही. अंगणात नेला की छातीवर आडवा पट्टा उठून दिसतो. दोन लॉट वापरावेच लागले तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन दुसऱ्याच्या अशा पूर्ण भागभर आलटून पालटून विणाव्यात, म्हणजे फरक विरतो.

दुकानात जिला लोकर म्हणतात ती बहुतेक ॲक्रिलिक असते. ‘बेबी वूल’ लिहिलेलंही पुष्कळदा तेच. त्यात वाईट काही नाही. मशिनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही, स्वस्त पडतं. शंका असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघावा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते. ॲक्रिलिक वितळतं आणि टणक काळा मणी होतो. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणं थोडी थोडी दिसतात.

जाडी निवडताना हिशेब करावा. फोर प्लाय या बारीक धाग्याला ३.२५ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरच्या चौकोनात सर्वसाधारणपणे २८ टाके आणि ३६ ओळी लागतात, म्हणजे १००८ टाके. त्याहून जाड डबल निटिंग धाग्याला ४ मिलिमीटरवर २२ टाके आणि २८ ओळी, म्हणजे ६१६. तेवढ्याच कापडाला फोर प्लायमध्ये दीडपटीहून जास्त टाके घालावे लागतात. फोर प्लाय दिसायला सुबक आणि नागपूरच्या हवेला योग्यही, पण मूल वाढतं आणि हिवाळा थांबत नाही. घाई असेल तर डबल निटिंगच. या मापाला १५० ग्रॅम पुरते. २०० घ्यावी; उरलेल्या ५० चा उपयोग शेवटी सांगते.

सुयांच्या नंबरांत नवख्यांचा हमखास घोळ होतो. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते: नंबर मोठा तशी सुई बारीक. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी, तिथला ८ नंबर ५ मिलिमीटरचा. यूट्यूबवरचा नमुना बघून ‘आठ नंबरची सुई’ मागितली की हातात भलतीच सुई येते. दुकानात मिलिमीटरच सांगावं. दोन सुट्या लांब सुयांऐवजी ८० सेंटिमीटरची गोल सुई (दोरीने जोडलेल्या दोन आखूड सुया) घ्यावी, सपाट भाग विणायलाही. एक सुई सोफ्याखाली गेली हा प्रकार होत नाही, कापडाचं वजन मांडीवर राहतं, आणि काम थांबवलं की टाके मधल्या दोरीवर सरकवून ठेवता येतात. लहान मुलाने ओढलं तरी टोकाजवळचे टाके निसटत नाहीत. धातूच्या सुयांवर वेग जास्त मिळतो, पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत आणि कूलरच्या ओल्या वाऱ्यात घामट हातांना ॲक्रिलिक चिकटतं. तेव्हा बांबूची सुई हाताला बरी वाटते.

नमुन्याचा तुकडा टाळू नये. ३० टाके घालून १२-१३ सेंटिमीटर विणायचं, धुवायचं, वाळवायचं आणि मग मधल्या १० सेंटिमीटरचे टाके मोजायचे. कडेचे मोजायचे नाहीत, तिथला ताण वेगळा असतो. २२ च्या जागी २० आले तर फरक किरकोळ वाटतो. पण आपण पाठीला ७८ टाके घालणार. शिवणीचे दोन गेले की ७६ उरतात. २२ च्या हिशेबाने त्यांची रुंदी साडेचौतीस सेंटिमीटर, २० च्या हिशेबाने अडतीस. पुढचा-मागचा मिळून सात सेंटिमीटर घेर वाढतो. ६२ सेंटिमीटर छातीच्या मुलाला ६९ चा घेर नीट बसतो. ७६ चा झोळीसारखा लोंबतो. तुकडा सैल आला तर हात आवळायचा प्रयत्न करू नका, सुई बारीक घ्या. आवळलेला हात चार ओळींनी परत सैल होतो आणि कापडात ते दिसतं.

आता प्रत्यक्ष काम. लांब शेपटीच्या पद्धतीने, म्हणजे धाग्याचं लांब टोक मोकळं सोडून, टाके घालताना प्रत्येक टाक्याला सुमारे २ सेंटिमीटर धागा धरावा. ७८ टाक्यांना दीड मीटरच्या थोडं वर आणि पुढे शिवणीसाठी ३० सेंटिमीटर, म्हणजे १.९ मीटरवर पहिली गाठ. शिवणीचा धागा आधीच ठेवला की नंतर एक टोक लपवण्याचं काम कमी होतं. बॉर्डर १० नंबरवर, दोन सुलट दोन उलट (सुलट टाका समोरून व्हीसारखा दिसतो, उलट आडव्या गाठीसारखा). ओळ दोन सुलटने सुरू होते आणि दोन सुलटनेच संपते, म्हणून ७८. कडेला शिवण घातली की दोन्ही बाजूंचा एकेक टाका आत जातो आणि उरलेले दोन सुलट जुळून बॉर्डर सलग दिसते. ७६ किंवा ८० घातले तर शिवणीपाशी एक सुलट आणि एक उलट असे टाके शेजारी येतात. बॉर्डर ५ सेंटिमीटर झाली की ८ नंबरच्या सुईवर सुलट-उलट ओळींनी एकूण २४ सेंटिमीटरपर्यंत जायचं.

हाच भाग मोडक्या वेळेचा. मध्यम वेगाने ७८ टाक्यांची एक ओळ चार मिनिटांत होते. डाळीचा कुकर लावल्यापासून उतरवेपर्यंत तीन-चार ओळी सहज होतात. पण काही नियम पाळावे लागतात. शक्यतो ओळीच्या शेवटीच थांबायचं. मध्येच सोडलेलं काम रात्रभर तसंच राहिलं तर दोन सुयांच्या मधले टाके ताणले जातात आणि तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. दार वाजलं, मध्येच उठावं लागलं, आणि परत आल्यावर कोणत्या दिशेने विणत होतो ते कळेना, तर धागा बघायचा. धागा ज्या सुईच्या शेवटच्या टाक्यातून निघतो ती सुई उजव्या हातात. उलट धरलं तर ओळ अर्ध्यातून परत फिरते आणि कापडाच्या एका बाजूला दोन ओळी जास्त होतात. हे चार बोटं वर गेल्यावर लक्षात येतं आणि तेवढं उसवावं लागतं.

ओळी मोजायला आठवणीवर भरवसा नको. दर दहाव्या ओळीच्या कडेच्या टाक्यात एक सेफ्टी पिन अडकवायची. मोबाइलमधला काउंटर बरा, पण तो हातात घेतला की शाळेच्या ग्रुपवरचे निरोपही दिसतात आणि विणायचं राहूनच जातं. टाके वाचायला शिकणं सगळ्यात उपयोगी. सुईखालच्या टाक्याच्या गळ्याशी आडवी गाठ दिसली तर आपल्याकडून तो उलट आहे, व्ही दिसला तर सुलट. हे डोळ्यांना सवयीचं झालं की कुठेही सोडलं, कधीही उचललं तरी कागद बघावा लागत नाही.

टाका सुटला तर घाबरून सुई खुपसू नये. सुटलेल्या टाक्याला ताबडतोब सेफ्टी पिन लावायची, म्हणजे तो खाली पळत नाही. मग सुलट बाजू समोर धरून क्रोशाच्या सुईने शिडीची एकेक पायरी त्या टाक्यातून ओढत वर यायचं. पायऱ्यांचा क्रम चुकला किंवा एक पायरी गाळली की मागे आडवा धागा लोंबतो. लोकरीत सुटलेला टाका काही वेळ जागीच थांबतो, कारण तंतू एकमेकांना धरून असतात. गुळगुळीत ॲक्रिलिक आणि सुती धाग्यात तो भराभर खाली जातो.

मुंढ्याला दोन ओळींच्या सुरुवातीला पाच-पाच टाके बंद करायचे, मग एकाआड एक ओळीत दोन्ही कडांना एकेक असे चार वेळा कमी करायचे. ७८ चे ६० होतात. मुंढ्याच्या सुरुवातीपासून १५ सेंटिमीटर, म्हणजे ४२ ओळी झाल्या की खांद्याला १५, गळ्याला ३०, खांद्याला १५ अशी वाटणी होते. टाके बंद न करता जाड धाग्यावर ओवून ठेवावेत.

पुढचा भाग मुंढ्यापर्यंत अगदी पाठीसारखाच. तिथे गळ्यासाठी मध्यावर ३९-३९ असे दोन भाग करायचे. आता प्रत्येक ओळीत लक्ष लागतं, कारण मुंढा आणि गळा दोन्हीकडे टाके कमी होतात. गळ्याकडे एकाआड एक ओळीत नऊ वेळा, मग दर चौथ्या ओळीत सहा वेळा. १८ आणि २४ मिळून त्याच ४२ ओळी, आणि ३९ मधून मुंढ्याचे ९ व गळ्याचे १५ गेले की खांद्याला १५ उरतात. दोन्ही बाजू दोन गुंड्यांनी एकाच सुईवर एकदम विणाव्यात. एक बाजू दसऱ्याला आणि दुसरी दिवाळीनंतर विणली तर हाताचा ताण बदललेला असतो आणि गळा एका बाजूने लांब दिसतो. ही ४२ ओळींची मजल मुलं झोपल्यावरच करावी. कमी करताना एका बाजूला दोन टाके एकत्र सुलट विणायचे, ते उजवीकडे झुकतात. दुसऱ्या बाजूला एक टाका न विणता घ्यायचा, पुढचा विणायचा आणि पहिला त्यावरून ओढायचा, तो डावीकडे झुकतो. दोन्हीकडे एकच पद्धत वापरली तर एक कड गुळगुळीत आणि दुसरी पायऱ्यापायऱ्यांची होते.

दिवाळीच्या सुट्टीसाठी काम ठेवताना टाके सुईवर ठेवू नयेत. सुती धाग्यावर ओवून, सुई मोकळी करून, कापड उशीच्या अभ्र्यात घालावं. सोबत चिठ्ठी हवी: कितवी ओळ, कोणती सुई, पुढे काय कमी करायचं. महिन्याने ‘मला आठवेल’ हे खरं ठरत नाही.

आवडत्या लोकरीचं काय, हा प्रश्न इथेच येतो. बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात हौसेने आणलेली, हाताने रंगवलेली मेरिनो लोकर असते आणि ती काहीतरी खास विणायचं म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते. माझं मत स्पष्ट आहे: चांगला धागा सोप्या विणीत वापरावा. अवघड जाळी, वेण्यांची वीण हे सलग वेळ असेल तेव्हाचं. हातरंगाच्या लोकरीत रंगच इतके हलतात की त्यावरची जाळी दिसतही नाही. साध्या सुलट विणीत ती खुलते. १०० ग्रॅमच्या एका लडीत लहान मुलाची टोपी आणि गळ्याला एक पट्टा होतो. लड तशीच विणायला घेऊ नये, दहा मिनिटांत गुंता होतो. खुर्चीच्या पाठीवर अडकवून आधी गुंडा करायचा, आणि अंगठा आत धरून त्यावरून सैल गुंडाळायचा. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणून राहते, तशीच विणली जाते, आणि धुतल्यावर मूळ लांबीला परतली की टोपी आखडते.

सुती धागा ऑक्टोबरसाठी सुरेख, पण त्याला ओढ नसते. सुती बॉर्डर धरून राहत नाही, म्हणून ती अंगापेक्षा दोन नंबर बारीक सुईवर विणावी. वजनाने कापड लांब होतं, म्हणून उंची दोन सेंटिमीटर कमी धरावी. आपण कापसाच्या मुलखातले, एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला इथेच सुरू झाली, पण मागासाठी कातलेलं सूत हातविणकामाला बारीक आणि जास्त पिळाचं पडतं; तीन-चार पदर एकत्र धरले तरी वीण फिरते.

स्वयंपाकघराजवळ विणायचं तर हळद हा खरा शत्रू. पोहे करून आलेल्या बोटांचा पिवळा डाग फिक्या लोकरीवर लगेच बसतो. त्यावर साबण लावला की तो लाल होतो आणि जीव घाबरतो. साबणाच्या क्षारामुळे हळदीचा रंग तसा बदलतो, इतकंच. भरपूर पाण्याने साबण काढून तेवढाच भाग उन्हात ठेवावा, हळदीचा रंग उन्हात उडतो. गडद रंगाची लोकर असेल तर बाकीचा भाग झाकून, नाहीतर लोकरीचाही उडेल. संत्री सोललेल्या हातांनी डाग दिसत नाही, पण साल आणि रस धाग्याला चिकट करतात. त्या मोसमात ओला रुमाल जवळ असावा.

संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी काळा झबल्यावजा स्वेटर विणायचा विचार असेल तर तो दिवसाउजेडी विणा. काळ्या लोकरीत रात्री टाके दिसतच नाहीत. मांडीवर पांढरा टॉवेल ठेवला की टाक्यांच्या मधून उजेड येतो आणि मोजता येतं. वर हलव्याचे दागिने बसणार, म्हणून वीण घट्ट आणि साधी हवी. जाळीत हलव्याचे काटे अडकतात.

जोडणीत खांदे तीन सुयांनी जुळवून एकदम बंद करावेत, शिवलेल्या खांद्यापेक्षा सपाट बसतात. गळ्याच्या पट्टीला मागून ३१, दोन्ही बाजूंनी ३२-३२ आणि मध्याच्या टोकाला आडव्या धाग्यातून एक, असे ९६ टाके १० नंबरवर उचलायचे. ४२ ओळींतून ३२, म्हणजे दर चार ओळींतून तीन. प्रत्येक ओळीतून उचलला तर पट्टी लाटेसारखी फुगते. एक सुलट एक उलट करताना मधला टाका सुलट ठेवायचा आणि प्रत्येक फेरीत तो व त्याचे दोन शेजारी असे तिन्ही मिळून एक करायचे, मधला वर राहील असे. सहा फेऱ्या पुरतात. बंद करताना एक नंबर जाड सुई घ्या. घट्ट बंद केलेला गळा डोक्यातून जात नाही आणि मूल स्वेटर घालायलाच तयार होत नाही.

धुताना ॲक्रिलिकचे फार लाड लागत नाहीत, पण इस्त्री किंवा वाफ लावू नका. उष्णतेने धागा मऊ पडतो, वीण चपटी होते आणि ती परत उठत नाही. खऱ्या लोकरीला कोमट पाणी, ३० अंशांच्या आत, आणि चोळणं नाही. गरम पाण्यात चोळल्यावर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा होतो. होळीनंतर कपाटात ठेवण्यासाठी धुवायचं असेल तर पहाटे धुवा. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला नुसतंच गरम येतं. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत खाटेवर आडवं वाळवायचं. कसरीच्या अळ्या घाम आणि अन्नाचे डाग असलेल्या लोकरीवर आधी जातात, म्हणून स्वेटर न धुता नुसत्या डांबराच्या गोळ्यांवर सोडू नये. धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बंद पिशवीत.

आणि ते उरलेले ५० ग्रॅम. पुढच्या वर्षी मुलाची उंची वाढते, छाती फारशी वाढत नाही. बॉर्डरच्या वरच्या ओळीतला एक धागा कापून बॉर्डर सोडवायची, मोकळे टाके सुईवर घ्यायचे आणि खालच्या दिशेने चार सेंटिमीटर साधी वीण व नवी बॉर्डर विणायची. साध्या विणीत दिशा बदलल्याचं दिसत नाही. बॉर्डरच्या मधून कापलं तर उभ्या रेघा अर्धा टाका सरकलेल्या दिसतात, म्हणून नेहमी तिच्या वरून. मात्र ही राखीव लोकर डब्यात कोरी ठेवली तर वर्षभर धुतलेल्या अंगाशेजारी ती गडद दिसते. तिची सैल लड बांधून, स्वेटर जितक्यांदा धुवाल तितक्यांदा त्याच्याबरोबरच धुवावी.